विसापूरचे खुले कारागृह: तलावाच्या कामापासून शेतापर्यंत

नगर जिल्ह्यातल्या संस्थांचा इतिहास लिहायचा म्हटले की लेखणी आपसूक प्रवरानगरकडे वळते. मग सहकारी साखर कारखाने, शिक्षण संस्था, दूध संघ, पतसंस्था अशी यादी सुरू होते. या यादीत तुरुंग कोणी धरत नाही. स्मरणिकेच्या संपादकांनी विसापूरच्या खुल्या कारागृहावर लिहायला सांगितले तेव्हा एका मित्राने सरळ विचारले, "जेलचा कसला इतिहास? लोक आत जातात आणि बाहेर येतात." तरीही जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या पाण्याचा, दुष्काळाचा आणि मजुरीचा इतिहास या एका जागेत जितका दाटून आला आहे, तितका तो फार थोड्या ठिकाणी सापडेल.

दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. या मार्गाने दौंडकडून नगरला येताना श्रीगोंदा रोड, बेलवंडी आणि मग विसापूर लागते. स्टेशन लहान आहे. आजूबाजूला ऊस, लिंबाच्या बागा, मध्येच माळरान. जवळच हंगा नदीवरचा विसापूर तलाव आहे. पारनेर तालुक्यातून येणारी ही नदी पुढे घोड नदीला मिळते. पावसाळा सोडला तर तिच्यात पाणी किती असते हे इथल्या माणसाला विचारू नये. त्यामुळेच या तलावाची गरज पडली.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी नगर जिल्हा पार खचला. जनावरे गेली, माणसे गेली, उरलेली दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. त्यानंतर नेमलेल्या सिंचन आयोगाने दख्खनच्या अवर्षणप्रवण भागात संरक्षक कामे काढण्याची शिफारस केली. कामाचा नफा किती हे न पाहता माणसे जगावीत म्हणून काढलेली कामे, असा त्याचा अर्थ. उत्तरेला प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण उभे राहिले आणि १९२६ च्या डिसेंबरात गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दक्षिणेला हंग्यावरचा मातीचा बांध त्याच सुमारास, १९२७ मध्ये, पुरा झाला. भंडारदऱ्याची कीर्ती झाली, विसापूर मागे राहिले. मोठे धरण आणि लहान तलाव यांच्या नशिबात एवढा फरक असायचाच.

या तलावाच्या कामावर मुंबई इलाख्याने कैदी आणले. तुरुंगाच्या भिंतीबाहेर नेऊन सार्वजनिक बांधकामावर कैद्यांची टोळी राबवायची, ही त्या काळातली रूढ पद्धत होती. पुण्या-मुंबईचे तुरुंग भरलेले आणि इकडे माती वाहायला हात हवेत, अशी ही सोयीची सांगड होती. कामाजवळच तात्पुरता तुरुंग उभा करायचा, दिवसा बांधावर, रात्री बराकीत. विसापूरच्या तुरुंगाचा जन्म असा झाला. तलाव झाला, तात्पुरता तुरुंग मात्र तिथेच राहिला.

मातीच्या धरणाचे काम कसे असते ते एकदा नीट डोळ्यांपुढे आणावे. पाया खणून काळ्या, चिकट मातीचा गाभा भरत न्यायचा. मातीचा एकेक थर पसरायचा, त्यावर पाणी मारायचे, धुमसाने चोपायचा, मग वरचा थर. पाण्याच्या बाजूला काळ्या दगडाचे पिचिंग. दगड आडवा बसवला तर लाटेने निसटतो, म्हणून तो टोकावर उभा रोवून फटीत चिपा ठोकायच्या. हे काम अंगमेहनतीचे आहे तसेच कसबाचेही आहे. चांगला पिचिंगवाला हातात दगड घेताच त्याची बसायची बाजू ओळखतो. विसापूरच्या बांधावर किती कैदी हे कसब शिकले असतील आणि सुटल्यावर त्याच्या जोरावर किती जण पोटाला लागले असतील, याचा हिशेब कोणत्याही अहवालात मांडलेला नसतो. अहवालात घनफूट असतात, मजुरीची बचत असते. मला हे महत्त्वाचे वाटते, कारण पुढची शंभर वर्षे तुरुंगातल्या कामाचा प्रश्न याच एका मुद्द्यापाशी अडला. हे काम कोणासाठी, कैद्यासाठी की सरकारसाठी?

हा प्रश्न विसापूरहूनही जुना आहे. मेकॉले सदस्य असलेल्या तुरुंग-शिस्त समितीने १८३८ मध्ये अहवाल दिला, तेव्हा रस्त्यांवर कैदी राबवण्याच्या पद्धतीला तिने नाक मुरडले. शिस्त राहत नाही, कैदी बाहेरच्या लोकांशी बोलतात, ही तक्रार होती. पण त्याच समितीने कैद्यांना शिकवावे, सुधारावे ही कल्पनाही झिडकारली. कैद्याला कंटाळवाणे, रटाळ, मन मारणारे काम द्यावे, असा तिचा कल होता. म्हणजे काम व्हावे, पण त्यातून माणसाला काही मिळू नये! एवढी स्पष्ट क्रूरता नंतरच्या अहवालांत सहसा दिसत नाही. नंतरचे अहवाल अधिक सभ्य भाषेत लिहिलेले आहेत.

पुढे तुरुंगांचे कारखाने झाले आणि त्यांतून पैसा दिसू लागला. आग्ऱ्याच्या तुरुंगात विंडसर राजवाड्यातल्या वॉटर्लू दालनासाठी अवाढव्य गालिचा विणला गेला, तो १८९४ मध्ये पुरा झाला. येरवड्याच्या तुरुंगात विजापूरच्या आसार महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नकला विणल्या जात. विणकाम उत्तम होते, त्याबद्दल शंका नाही. पण तुरुंगातला स्वस्त माल बाजारात आला की बाहेरच्या विणकराचे पोट मारले जाते, ही तक्रार जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० मध्येच आपल्या हिंदी कलाउद्योगांवरच्या ग्रंथात केली होती. तुरुंगातला कारखाना आणि बाहेरचा कारागीर यांच्यातले हे भांडण अजून मिटलेले नाही. आज फक्त त्याला निविदा, आरक्षण आणि शासकीय खरेदी अशी नावे आहेत.

अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील १९१९-२० च्या इंडियन जेल्स कमिटीने प्रथमच ठळकपणे म्हटले की तुरुंगाचा हेतू जरब बसवण्याइतकाच माणूस सुधारण्याचाही आहे. ही कमिटी देशभर हिंडत होती, त्या काळात विसापूरच्या बांधावर माती पडत होती. कागदावर सुधारणेचे युग सुरू झाले आणि हंग्याकाठी टोपल्या चालूच राहिल्या.

तलाव झाल्यावर हा तुरुंग मोडीत निघाला असता. तसे झाले नाही, कारण १९३० साल उजाडले. मिठाचा सत्याग्रह आणि १९३२ ची दुसरी कायदेभंगाची चळवळ यांनी मुंबई इलाख्यातले तुरुंग तुडुंब भरले. साबरमती, येरवडा, ठाणे कुठेच जागा उरली नाही. तेव्हा विसापूरच्या बराकी सरकारच्या कामी आल्या. महाराष्ट्रातले, कर्नाटकातले आणि विशेषकरून गुजरातेतले सत्याग्रही इथे पाठवले गेले. नर्मदेकाठची, साबरमतीकाठची माणसे श्रीगोंद्याच्या उन्हात आली. गुजरातीत विसापूरचा उल्लेख येतो तो या तुरुंगाचाच. आपल्याकडे विसापूर म्हटले की आधी लोणावळ्याजवळचा किल्ला आठवतो, हा आपल्या विस्मरणाचा नमुना.

त्या वर्षांत तुरुंगात शिक्षणाला वेगळीच कळा आली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. १९३३ च्या फेब्रुवारीत गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. येरवड्यात गांधीजींचा पेटी चरखा घडला, त्याचे नावच 'येरवडा चरखा' पडले. आणि आमच्या नगरच्या किल्ल्यात, १९४२ च्या ऑगस्टपासून, काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य होते. नेहरूंनी १९४४ मध्ये पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे लिहिली, आचार्य नरेंद्र देवांनी बौद्ध तत्त्वज्ञानावर काम केले. नेहरू हाताने वाफे खणत. किल्ला पाहायला येणाऱ्या शाळेच्या सहलींना हे सांगितले जाते आणि सांगावेच. पण त्याच काळात साध्या कैद्याच्या हाती काय होते? जात्याचा खुंटा, दगड फोडायचा हातोडा, सुतळीची गुंडी. राजकीय कैद्यांनी तुरुंगाचे विद्यापीठ केले हे वाक्य आपण फार अभिमानाने उच्चारतो, तेव्हा शेजारच्या बराकीतला अंगठेबहाद्दर माणूस त्या विद्यापीठाच्या बाहेरच राहिला, हेही सोबत म्हणावे. काही सत्याग्रही शेजाऱ्यांना अक्षरे शिकवत असत. त्यांची नावे कुठेच नाहीत.

खुल्या तुरुंगाची मूळ कल्पना मात्र आपल्या जिल्ह्यात जन्मली नाही. ती औंध संस्थानात जन्मली. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची वसाहत काढली आणि तिचे नाव ठेवले स्वतंत्रपूर. कल्पनेमागे होते मॉरिस फ्रीडमन. हे पोलंडमधले ज्यू अभियंते, बंगळूरच्या कारखान्यात नोकरीला आले, गांधीजींच्या विचारात रमले, भारतानंद झाले. औंधची ग्रामराज्याची घटना घडवण्यात त्यांचा हात होता. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे त्यांनीच इंग्रजीत नेली. अशा माणसाला कैद्याविषयी जे सुचले ते कुठल्याही कारागृह-महानिरीक्षकाला सुचले नसते. कैद्याला कुटुंबासह राहू द्या, जमीन द्या, कुलूप काढा. खुनाच्या गुन्ह्यातली माणसे बायकामुलांसह शेती करू लागली. राजपुत्र अप्पासाहेब पंत यांनी औंधच्या प्रयोगावर पुढे पुस्तक लिहिले, त्यात याची हकीकत आहे. आटपाडीच्या मुलखातले माडगूळ हे ग. दि. माडगूळकरांचे गाव. त्यांनी ही कथा पडद्यासाठी लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. बर्लिनमध्ये त्याला पारितोषिक मिळाले. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, पण स्वतंत्रपूर टिकले.

स्वतंत्रपूर आणि विसापूर यांच्यातला फरक मुळातला आहे. एका ठिकाणी माणसाचा विचार आधी झाला आणि काम मागून आले. दुसऱ्या ठिकाणी काम आधी ठरले, माणसे मागून आणली. स्वातंत्र्यानंतर राज्याने खुली कारागृहे काढली, विसापूरचा जुना तुरुंगही त्यांत आला, आणि त्यांत बहुतेक वेळा दुसरी पद्धतच चालली. साठच्या दशकात जायकवाडीचे काम सुरू झाले तेव्हा पैठणला खुले कारागृह निघाले. त्या धरणाचा नाथसागर आपल्या शेवगाव-नेवाशाच्या शिवारापर्यंत पसरला आहे. म्हणजे जिल्ह्याच्या दक्षिणेला एक आणि पूर्वेच्या सीमेपलीकडे एक, असे दोन जलाशय कैद्यांच्या श्रमाशी जोडलेले आहेत. देशाच्या पातळीवर उत्तर प्रदेशात संपूर्णानंदांच्या पुढाकाराने १९५२-५३ च्या सुमारास चंद्रप्रभा नदीवरच्या धरणाच्या कामासाठी कैद्यांची खुली छावणी काढली होती. तिथेही धरणच! विश्वासाचा हा प्रयोग सुरू व्हायला मातीचे मोठे काम निघावे लागले, ही गोष्ट मला विचार करायला लावते. दुसरे कोणते कारण कोणाला पुरेसे वाटले नसावे.

१९७१ मध्ये महाराष्ट्र खुली कारागृहे नियम आले आणि पद्धतीला चौकट मिळाली. खुल्या कारागृहात कोणाला पाठवायचे हे निवड समिती ठरवते. शिक्षेचा काही भाग भोगलेला, वर्तणूक चांगली, शेतीच्या कामाला शरीर धडधाकट असा सिद्धदोष बंदी हवा. तिथे गेल्यावर माफी मोठी मिळते. बंद कारागृहात महिन्याला मोजके दिवस मिळतात, इथे काम केलेल्या प्रत्येक महिन्यामागे जवळपास महिनाभराचे दिवस शिक्षेतून वजा होतात. म्हणून येरवड्याच्या किंवा नाशिकरोडच्या बराकीत 'विसापूरला नंबर लागला' हे वाक्य बढतीच्या हुकमासारखे ऐकले जाते. जन्मठेपेच्या बंद्याला मात्र एक अडचण आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत १९७८ मध्ये कलम ४३३-अ घातले गेले आणि खुनासारख्या गुन्ह्यातल्या जन्मठेपेला प्रत्यक्ष चौदा वर्षांच्या आत सुटका बंद झाली. माफी कितीही जमा होवो, चौदा वर्षे भिंतीआड किंवा शेतात काढायचीच. त्यापुढच्या वर्षांच्या हिशेबात माफी कामी येते.

हा हिशेब जिथे राहतो ते हिस्ट्री तिकीट एकदा पाहायला हवे. प्रत्येक बंद्याचे एक. नाव, कलम, शिक्षेची तारीख, वजन, आजार, कोणत्या कामावर, कधी बदली, कोणती शिक्षा, किती माफी, संचित रजेवर कधी गेला, वेळेवर आला की नाही. संचित रजा म्हणजे फर्लो, अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. बराकीत सगळे फर्लो-पॅरोलच म्हणतात, मराठी शब्द अर्जावर. रजेवरून एक दिवस उशीर झाला तर त्याची नोंद या तिकिटावर लाल शाईने होते आणि खुल्या कारागृहाचा रस्ता बंद होऊ शकतो. शिक्षण कमी असलेला बंदीसुद्धा आपल्या तिकिटावरचे आकडे तोंडपाठ सांगतो. दिवसांची बेरीज-वजाबाकी त्याला कोणत्याही प्रौढ शिक्षण वर्गाआधी येत असते.

आजच्या विसापूरचे मुख्य काम शेती. तलावाला आता हंग्याखेरीज कुकडीच्या कालव्याचेही पाणी येते आणि आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, यावर श्रीगोंद्यातल्या शेतकऱ्यांइतकीच कारागृहाची नजर असते. शेतीचे आणि तुरुंगाचे घड्याळ मात्र जुळत नाही. वीज येईल तेव्हा मोटर चालू करायची, मग ती रात्रीची का असेना, हा शेतकऱ्याचा नियम. दिवस मावळायच्या आत सर्वांची टोटल घ्यायची, माणूस न् माणूस मोजायचा, हा तुरुंगाचा नियम. दारे धरायला रात्री कोण जाणार? बाहेरच्या शेतकऱ्याला न पडणारा प्रश्न इथल्या जेलरला पडतो. शेतात काम करणाऱ्यावर हवालदाराचा पहारा नावापुरता. पळून जायला कुंपण अडवत नाही. तरी लोक थांबतात. कारण उघड आहे, पळाला तर इतकी वर्षे जमवलेली माफी बुडते, पुन्हा बंद कोठडी, वर नवा गुन्हा. काही जण तरीही पळतात आणि मग वर्तमानपत्रांत ठळक बातमी येते. जे पळत नाहीत त्यांची बातमी होत नाही.

मजुरी हा यातला सर्वांत नाजूक विषय. सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या खटल्यात सप्टेंबर १९९८ मध्ये निकाल दिला. सश्रम कारावासात काम घेणे घटनेविरुद्ध नाही, पण त्याचा न्याय्य मोबदला दिला पाहिजे आणि त्यातला काही भाग गुन्ह्यात नुकसान झालेल्यांसाठी राखावा, असे त्यात म्हटले. निकालाला पंचवीस वर्षे उलटून गेल्यावरही महाराष्ट्रातल्या बंद्याची रोजची मजुरी शंभर रुपयांच्या आतच राहिली. खुल्या कारागृहात थोडी जास्त, पण शंभरी तिथेही गाठली नव्हती. श्रीगोंद्यात खुरपायला जाणाऱ्या बाईची हजेरी आणि ही मजुरी शेजारी शेजारी ठेवून पाहावी. बंद्याला राहणे, जेवण, औषध सरकार देते हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि त्यात तथ्यही आहे. परंतु घरी पाठवायच्या मनीऑर्डरवर तो युक्तिवाद छापता येत नाही.

२०२२ च्या महाराष्ट्र दिनी येरवड्यात एक वेगळे पाऊल पडले. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने 'जिव्हाळा' नावाची योजना आणली. बंद्याला ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज, ७ टक्के व्याजाने, त्याच्या मजुरीतून फेड. मुलीच्या लग्नाला, घरच्या आजारपणाला, वकिलाच्या फीला सावकाराकडे जायची वेळ येऊ नये हा हेतू. सहकाराच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ही कल्पना पटकन कळते. पत नसलेल्याला पत देणे, यातूनच आपल्याकडच्या सोसायट्या उभ्या राहिल्या.

शिक्षणाची व्यवस्था गेल्या तीन-चार दशकांत बरीच रुजली. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झाले आणि मध्यवर्ती कारागृहांत त्याची अभ्यासकेंद्रे सुरू झाली. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने बंद्यांची फी माफ केली. परीक्षा पास झाल्यावर शिक्षेत खास माफी मिळते. लोक माफीसाठी शिकतात, ज्ञानासाठी नव्हे, अशी टीका होते. बाहेर आपण सगळे ज्ञानासाठीच शिकलो, असे ज्याला छातीवर हात ठेवून म्हणता येईल त्याने ही टीका जरूर करावी. खुल्या कारागृहात उलटी अडचण आहे. दिवसभर शेतात राबलेला माणूस संध्याकाळी वही उघडून बसत नाही. ज्यांना शिकायचे असते ते बंद कारागृहात थांबतात, ज्यांना सुटायची घाई असते ते शेतावर येतात. पण विसापूरसारख्या ठिकाणी लिहितावाचता येऊ लागलेला माणूस मजुरीच्या पत्रकावर अंगठ्याऐवजी सही करतो, तेव्हा त्याला आपल्या खात्यावर किती रक्कम जमा दाखवली आहे हेही वाचता येते. मग तो विचारतो. शिक्षणाचा हा उपयोग कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिलेला नसला तरी कारकुनांना तो चांगला ठाऊक असतो.

कारागृहांतल्या उद्योगांची ख्याती अलीकडे वाढली आहे. नाशिकरोडच्या कारागृहात बनलेल्या गणेशमूर्तींना गिऱ्हाईक आहे. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले गेले. येरवड्यात सुतारकाम, विणकाम, शिवणकाम चालते. विसापूरकडे दाखवायला असे काही चकचकीत नाही. मेथीची जुडी आणि उसाची मोळी घेऊन प्रदर्शनात कोण जाणार! तरी खुल्या कारागृहांतला भाजीपाला बंद कारागृहांच्या भटारखान्यात जातो आणि तिथल्या भांड्यात शिजतो.

आता दोन गोष्टी ज्या या इतिहासात सहसा लिहिल्या जात नाहीत.

पहिली जातीची. तुरुंगातली कामे जातीवरून वाटायची तरतूद अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत अगदी कालपरवापर्यंत होती. सफाई कोणी करायची, स्वयंपाक कोणी करायचा हे जन्मावरून ठरायचे. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. त्याच निकालात 'सराईत गुन्हेगार' या शिक्क्याचाही विचार झाला, कारण तो शिक्का भटक्या-विमुक्तांच्या कपाळी आपोआप मारला जातो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, पण संशय राहिला. खुल्या कारागृहाच्या निवडीत सराईत म्हणून नोंद असलेल्याला जागा नसते. या नियमाचा मार सर्वांत जास्त कोणावर बसतो, हे श्रीगोंदा-कर्जत भागात पारध्यांच्या पालांवर जाऊन आलेल्या कोणालाही विचारावे. विसापूरच्या शिवेवर वाढलेला पारधी मुलगा विसापूरच्या खुल्या शेतावर पोचणे अवघड आणि येरवड्याच्या बंद बराकीत पोचणे सोपे, अशी ही रचना आहे. बायकांचेही तसेच. महिलांसाठी खुल्या कारागृहाची सोय येरवड्याला झाली ती फार उशिरा.

दुसरी गोष्ट संख्येची. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या ५ लाख ७३ हजार बंद्यांपैकी ४ लाख ३४ हजार न्यायाधीन होते, म्हणजे शंभरातले जवळपास शहात्तर. ज्यांचा खटला अजून चालू आहे त्यांना सश्रम काम देता येत नाही, खुल्या कारागृहात पाठवता येत नाही, लांब मुदतीच्या प्रशिक्षणात घ्यायचे तर उद्या जामीन झाला की बाक रिकामा. नगर शहरातल्या कारागृहात बहुतांश माणसे याच वर्गातली. ती माणसे दिवस कसा काढतात? टोटल, चहा, टोटल, जेवण, तारखेची वाट. शिक्षण, व्यवसाय-प्रशिक्षण आणि काम यांच्याविषयी जे काही चांगले या लेखात आले, ते सगळे चार माणसांपैकी एकाविषयी आहे. विसापूरची स्तुती करताना शहरातल्या त्या बराकीकडे पाठ फिरवणे मला जमत नाही.

सुटल्यावर काय, हा प्रश्न विसापूरच्या फाटकाबाहेर सुरू होतो. नगर आणि सुपे इथल्या औद्योगिक वसाहतींत कामाला लागायचे तर पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. सुताराची, फिटरची, शिवणकामाची प्रमाणपत्रे त्या दाखल्यापुढे फिकी पडतात. प्रमाणपत्रावर कारागृहाचे नाव नसावे ही काळजी घेता येते, पण मधली दहा-बारा वर्षे कुठे होतात, या प्रश्नाला प्रमाणपत्र उत्तर देत नाही. शेतीच्या कामाला दाखला लागत नाही, हा विसापूरच्या शिक्षणाचा खरा फायदा. त्यासाठी जमीन मात्र लागते. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो घरी जाऊन औत धरतो, ठिबक टाकतो, आत शिकलेले वापरतो. भावकीने मधल्या काळात हिस्सा घशात घातला असेल तर आधी तहसीलच्या चकरा. ज्याला जमीनच नव्हती, तो ऊसतोडीच्या टोळीत नाव घालतो आणि मुकादमाकडून उचल घेतो. विसापूरच्या आसपासच्या साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात अशी माणसे कोयता घेऊन उभी असतात, आणि मुकादम त्यांना एवढेच विचारतो की जोडीला कोण आहे.